सिगार ओढला जात नाही: आधी ओल तपासा, मग गाठ

ह्युमिडोरमध्ये (सिगार ठरावीक ओलीत ठेवायच्या पेटीत) जपून ठेवलेला सिगारही ओढताना गाल आत जातात, धूर जेमतेम येतो, मध्येच विझतो. असा सिगार फेकून द्यायचा की वाचवता येतो, हा तुमचा प्रश्न. बहुतेक वेळा वाचतो. पण त्यात काही खुपसायच्या आधी एवढं ठरवा की तो ओलसर आहे की घट्ट वळला गेलाय. ओढताना दोन्ही सारखेच वाटतात, उपाय मात्र वेगळे आहेत. आणि वळणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात, त्यातले बरेचसे सिगार नुसते ओलसर असतात असं माझं ठाम मत आहे.

पेटवण्याआधी सिगार अंगठा आणि दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हलकेच दाबत जा. चांगला सिगार किंचित दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. ओलसर सिगार सगळीकडे सारखाच मऊ आणि हाताला जड लागतो. घट्ट वळलेल्यात एखाद्या जागी टणक गाठ लागते, नाहीतर तो अख्खाच कडक असतो. मग टोपी (तोंडात धरायच्या टोकावरचं पानाचं झाकण) कापून न पेटवताच हवा ओढून बघा. अडकतंय की नाही ते तिथेच कळतं. पेटवून झाल्यावर दुरुस्ती करणं फार अवघड, म्हणून ही सवय लावून घ्याच.

आधी ओलीचं बघू. तंबाखूचं पान हवेतली आर्द्रता शोषतं आणि फुगतं. सिगारच्या आत पानांच्या घड्यांमधून हवा जायच्या बारीक वाटा असतात. पान फुगलं की त्या बुजतात. वर असा सिगार पेटवला की आतलं ओलं पान उष्णतेने आणखी फुगतं आणि बाहेरचं नाजूक रॅपर (वरून गुंडाळलेलं पान) तडकतं. एका बाजूने जळणं, सारखं विझणं, जिभेवर आंबट-कडू चव, हे सगळं बहुधा याचंच.

यावर उपाय म्हणजे थांबणं. सिगार ह्युमिडोरमधून काढा आणि आर्द्रतेचं पाकीट (ह्युमिडोरमध्ये ओल राखायला ठेवतात ते) नसलेल्या, रिकाम्या लाकडी पेटीत ठेवा. सीडरची असेल तर उत्तम. एक-दोन दिवसांनी पुन्हा दाबून बघा. जाड सिगारला जास्त वेळ लागतो. हेअर ड्रायर, ओव्हन, मायक्रोवेव्ह, ऊन यांपैकी काहीही नको. बाहेरचं रॅपर आधी वाळून तडकतं आणि आतली ओल तशीच राहते.

मग ह्युमिडोरकडे वळा, कारण खरा दोष तिथे असतो. ७० टक्के आर्द्रता आणि २१ अंश सेल्सिअस हा जुना नियम साठवणीसाठी ठीक आहे, पण ओढायला मला ६५ टक्क्यांच्या आसपासचाच सिगार आवडतो. ६२, ६५, ६९ अशा ठरावीक टक्क्यांची पाकिटं मिळतात. ६९ चं असेल तर ६५ चं लावून बघा. आणि हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायच्या यंत्रावर) आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला, मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत रात्रभर एकत्र ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवत असेल, तर तुमचं ‘७०’ म्हणजे प्रत्यक्षात ७५ होतं, आणि तेवढ्या ओलीत बुरशीचीही भीती असते.

आता खरोखर घट्ट वळलेला सिगार. आत पान जास्त भरलं गेलं किंवा पिळलं गेलं की गाठ होते. बारीक सिगारांत हे जास्त होतं: ३८ रिंग गेजचा (रिंग गेज हे जाडीचं माप) लान्सेरो हा लांब, बारीक सिगार म्हणजे जेमतेम १५ मिलिमीटर जाडी, त्यात एक पान वाकडं गेलं तरी वाट बंद. आधी काप बघा. पंचने (टोपीला गोल भोक पाडायच्या हत्याराने) पाडलेलं छोटं भोक अशा सिगारला पुरत नाही, सरळ कापा. टोर्पेडो आकाराच्या सिगारचं निमुळतं टोक थोडं थोडं करत आणखी कापता येतं. गोल टोपीचा मात्र खांदा (जिथे गोलाई संपून सरळ अंग सुरू होतं ती जागा) ओलांडू नका, रॅपर उलगडतं. त्यानंतर गाठीची जागा बोटांत धरून हळूहळू फिरवत मोकळी करा.

तरीही हवा जात नसेल तर ड्रॉ टूल (सिगारची वाट मोकळी करायची दातेरी सळई) वापरा. विणायची सुई पान फक्त बाजूला सारते आणि वाट पुन्हा बुजते. ड्रॉ टूलवरचे बारीक दाते पानाचे तुकडे बाहेर काढतात, म्हणून तेच घ्या. डोक्याकडून (टोपीच्या टोकाकडून) अगदी मधोमध, गोल फिरवत थोडं आत घाला, बाहेर काढा, ओढून बघा, मग पुढे जा. एका दमात आरपार घातलंत तर रॅपर फाटतं, किंवा भोक इतकं मोठं होतं की सिगार मधूनच भराभर आणि गरम जळत जातो. ओलसर वाटणारा सिगार आधी वाळवा; निम्म्या वेळा हत्याराची गरजच उरत नाही.

सुरुवातीला नीट ओढला जाणारा सिगार अर्ध्यावर अडला तर डोक्याशी ओल आणि टार साचलेलं असतं. हळूच उलट फुंका, किंवा टोकाची पातळ चकती कापा. मिनिटाला एखादा झुरका पुरे. अडलेला सिगार जोर लावून ओढू नका: चव जळते आणि धूर नकळत फुप्फुसात जातो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो, त्यामुळे गरगरायला लागलं तर तो तिथेच ठेवून द्या.

एकाच पेटीतले बरेच सिगार वाळवूनही लाकडासारखे टणक राहिले, तर उरलेले न कापता विकणाऱ्याकडे परत न्या. कापलेला सिगार बहुधा कुणी परत घेत नाही.