फोनचे कान आणि आपले

या खेपेच्या टपालातले बहुतेक प्रश्न कानाशी येऊन थांबले. मी ते जुळवून निवडलेले नाहीत. हल्ली निम्म्या लोकांना आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटतं आणि उरलेल्या निम्म्यांना कुणीच ऐकत नाही असं. त्याचा हा परिणाम असावा.

प्रश्न : नवऱ्याशी ट्रेकिंगच्या बुटांबद्दल नुसतं बोलले. शोधलं नाही, टाइप केलं नाही. तासाभरात फोनवर बुटांची जाहिरात! आता तरी मान्य करा, फोन चोरून ऐकतो.

नाही करत. पण तुमची शंका खुळचट आहे असंही म्हणणार नाही, कारण फोन ऐकतो हे खरंच आहे. तुम्ही समजता तसं नाही, एवढंच. हाक मारली की जागा होणारा मदतनीस तुम्ही चालू ठेवला असेल, तर फोनमधली एक छोटीशी, अगदी कमी वीज खाणारी चिप सतत मायक्रोफोनवर कान लावून असते. तिला काम एकच: ठरलेला शब्द आला का? नाही आला तर काही सेकंदांचा आवाज पुसायचा आणि त्या जागी पुढचा घ्यायचा. तुम्ही बुटांविषयी बोलताय की शेजाऱ्यांविषयी, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. मात्र ती कधीकधी फसते. भलताच शब्द तिला आपली हाक वाटते आणि पुढचं बोलणं रेकॉर्ड होतं. 2019 मध्ये असं उघडकीला आलं, की ॲपल, गूगल आणि ॲमेझॉन या तिघांकडेही अशा रेकॉर्डिंगमधली काही थोडी चक्क माणसं ऐकत होती, मदतनीसाची समज सुधारावी म्हणून. बहुतेक ग्राहकांना याचा पत्ताही नव्हता. तेव्हा संशयाला जागा या कंपन्यांनी स्वतःच करून दिली आहे.

बुटांचं प्रकरण वेगळं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये अँड्रॉइडची 17 हजारांहून अधिक ॲप तपासली. न विचारता मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय याची चित्रं, एका ठिकाणी तर व्हिडिओ, तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. आपण कानाला जपत बसलो आणि डोळा उघडाच राहिला!

मग बूट आले कुठून? आधी नवऱ्याला विचारा. त्यांनी घरातल्याच वाय-फायवरून बूट शोधले असतील, तर जाहिरातवाल्यांच्या लेखी तुम्ही दोघं एकाच छपराखालची. एकाने शोधलं की दुसऱ्यालाही दाखवायचं. शिवाय बुटांचा विषय निघाला तरी कशावरून? कुणा मित्राने डोंगरावरचे फोटो टाकले, त्यावर तुमचं बोट चार सेकंद जास्त रेंगाळलं, फोनने त्याची नोंद घेतली. तुमचं बोलणं आणि ती जाहिरात, दोन्ही त्या एकाच फोटोच्या पोटी जन्मलेली असू शकतात. आणि बोललो पण जाहिरात आली नाही, अशा शेकडो गोष्टी आपल्या लक्षातच राहत नाहीत.

म्हणजे तुमचं ऐकायची त्यांना गरजच पडत नाही. मला विचाराल तर चोरून ऐकण्यापेक्षा हे जास्त भयंकर आहे. ऐकणाऱ्याला निदान दार लावून बाहेर ठेवता येतं. तरी दाराचीच काळजी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे ते बघा. टॉर्चच्या ॲपला ती कशाला हवी? आयफोनवर 2020 पासून आणि अँड्रॉइडवर 2021 च्या बाराव्या आवृत्तीपासून, मायक्रोफोन चालू झाला की वरच्या कोपऱ्यात रंगीत खूण दिसते. अँड्रॉइडवर हिरवी, आयफोनवर नारिंगी.

प्रश्न : ग्राहकसेवेला फोन केला की होल्डवर लावलेलं संगीत इतकं भिकार का वाजतं? मुद्दाम का, म्हणजे आपण कंटाळून फोन ठेवावा?

हेतूबद्दल मी काही बोलत नाही. आवाजाचं कारण मात्र साधं आहे. जुन्या टेलिफोनच्या हिशेबाने बोलणं कळायला 300 ते 3400 हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून खालचे घुमारदार सूर आणि वरची झिळमिळ सरळ कापली जाते. मोबाइलमधली आवाज दाबून पाठवायची पद्धत तर पलीकडे एक घसा आहे आणि त्यातून एक माणूस बोलतोय, असं गृहीत धरूनच रचलेली आहे. तिला व्हायोलिनांचा ताफा दिला की ती त्यालाही घशात कोंबायला बघते.

प्रश्न : वडील गेल्या वर्षी गेले. त्यांच्या व्हॉइस मेसेजवरून भाऊ एआयमार्फत त्यांचा आवाज तयार करणार आहे, म्हणजे आईला ‘त्यांच्याशी’ बोलता येईल. मला हे खटकतं, पण का ते सांगता येत नाही. मी जुनाट विचारांची आहे का?

नाही. तुम्हाला सांगता येत नाही ते मी सांगून बघते.

जमेल का, हा प्रश्न आता उरलेला नाही. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हॅल-ई नावाचं तंत्र जाहीर केलं. त्याला आवाजाचा तीन सेकंदांचा नमुना पुरतो. करावं का, हे ठरवताना मला दोन माणसं आठवतात. रॉजर एबर्ट हे अमेरिकन चित्रपट समीक्षक. कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियांनंतर त्यांची वाचा गेली. त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांतून एका कंपनीने त्यांचा आवाज बांधला आणि 2010 मध्ये त्यांनी तो स्वतः टीव्हीवर ऐकवला. कुणालाही वावगं वाटलं नाही, कारण आवाज त्यांचा, शब्द त्यांचे आणि इच्छाही त्यांचीच. दुसरे अँथनी बोर्डेन, टीव्हीवर गाजलेले अमेरिकन शेफ. ते 2018 मध्ये गेले. 2021 मध्ये त्यांच्यावर आलेल्या माहितीपटात त्यांनीच लिहिलेल्या काही ओळी एआयच्या आवाजात ऐकवल्या, आणि सिनेमात तसं कुठे सांगितलं नाही. शब्द त्यांचेच होते, तरी लोक भडकले.

तुमचा भाऊ याच्याही पुढे चालला आहे. इथे शब्दसुद्धा वडिलांचे नसतील. “काळजी करू नकोस, मी आहे ना” असं यंत्र म्हणेल, आणि ते ज्यांच्या आवाजात म्हणेल त्यांना ते पटलं असतं का, हे विचारायची सोय नाही. तुम्हाला खटकतंय ते बहुधा हेच.

“आईला माहीत असेलच ना, हे खरं नाही म्हणून!” असं भाऊ म्हणेल. माहीत असणं फारसं उपयोगी पडत नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. टाइप केलेलं वाक्य उलटवून तो त्याचाच प्रश्न करायचा. ना आवाज, ना समज. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम तयार होताना महिनोन्‌महिने बघितला होता. तरी त्याच्याशी चार वाक्यं बोलून झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एकांत हवा होता.

पण तुमच्या पत्रात मला एक माणूस कुठेच बोलताना दिसला नाही. आईला विचारलंत का? भावाने ठरवलं, तुम्हाला खटकलं, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या गप्पच. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या, तर माझं मत विरुद्ध असूनही मी त्यांना अडवणार नाही. फक्त बंद करायचं बटण त्यांच्या हातात असू द्या आणि घरातला कुठलाही निर्णय त्या आवाजाला विचारून होणार नाही, एवढं पाहा. आणि मूळ मेसेज आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. अशी ॲप बंद पडतात, फोन हरवतात, आणि मग खरा आवाजही जातो.

प्रश्न : अवकाशातल्या लढायांच्या सिनेमात स्फोट धडामधूम वाजतात. “तिथे हवा नाही, आवाज कसला!” म्हटलं की घरचे मला उठवून लावतात. बरोबर कोण?

तुम्ही. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1660 मध्ये छापलेल्या प्रयोगांत बंद भांड्यातली हवा काढत नेली, तशी आतल्या घड्याळाची टिकटिक बाहेर ऐकू येईनाशी झाली. 1968 च्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ या सिनेमाने अवकाश गप्पच ठेवलं आणि नुसत्या श्वासावर भागवलं. पण फार फुशारकी मारू नका. अवकाश सगळीकडे सारखं रिकामं नसतं. पर्सियस दीर्घिका-समूहातल्या, म्हणजे आकाशगंगांच्या एका घोळक्यातल्या, तापलेल्या वायूत कृष्णविवरामुळे उठलेल्या दाबाच्या लाटा 2003 मध्ये नासाच्या ‘चंद्रा’ या अवकाश-दुर्बिणीच्या चित्रांत सापडल्या, म्हणजे एका अर्थाने आवाजच. पियानोच्या मधल्या ‘सी’पासून 57 सप्तकं खालचा तो सूर, एका कंपनाला जवळपास एक कोटी वर्षं. 2022 मध्ये नासाने तो तितकाच वर चढवून लोकांना ऐकवला. धडामधूम तरीही नाही, पुढच्या वेळी हे सांगूनच उठा.

प्रश्न (इयत्ता सातवी) : चंद्रावर दोन अंतराळवीरांचे रेडिओ एकदम बंद पडले तर त्यांना बोलता येईल का?

येईल. हेल्मेटला हेल्मेट टेकवायचं आणि मोठ्याने बोलायचं. आतल्या हवेतून आवाज हेल्मेटमध्ये, तिथून दुसऱ्या हेल्मेटमध्ये, मग पलीकडच्या हवेत आणि कानात. दबका येईल, पण येईल. टेकवलेलं सुटलं की वाक्य अर्धंच राहणार, त्यामुळे महत्त्वाचं आधी सांगायचं.