सायकलची फ्रेम बनवून घेण्याआधी

कारागिराकडे जायच्या आधी आहे त्या सायकलवर दोन-तीनशे किलोमीटर मार आणि कुठे दुखतं ते वहीत लिही: मान, मनगट, कंबर. उंची-पायाची मापं तो घेईलच, पण खरं मोल या नोंदींचं. माझ्या पहिल्या फ्रेमला मी नुसती मापं दिली. हँडल लांब पडलं, नि खडकवासल्यापर्यंत जाईस्तोवर हाताला मुंग्या यायच्या.

टायरची जागा आत्ताच ठरव. आपल्या रस्त्यांवर २५ मिमी रुंदीचं टायर पुरत नाही. ३५ मिमी बसून वर मडगार्डलाही जागा उरली पाहिजे. रंग नंतर बदलता येतो, ही जागा नाही. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा अक्ष जिथे बसतो तो भाग, आट्यांचाच, ६८ मिमी रुंदीचा घे.

नळ्या रेनॉल्ड्स कंपनीच्या की कोलंबसच्या, यावर रात्र जागवू नकोस. सांधे बघ. रंग न लावलेली एखादी फ्रेम मागून घे आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) जोडावरून बोट फिरव. पितळेचा भराव सलग लागला पाहिजे, कुठे खड्डा नको, टोचायला नको.

आणि हो, सगळे कोन नि लांब्या लिहिलेलं रेखाचित्र हातात आल्याशिवाय नळी कापू देऊ नकोस.