६७ बीएचपीची गाडी घाटात कमी पडते का?

तुम्ही विचारलंय की रोज शहरातून पंचवीस किलोमीटर आणि महिन्यातून एकदा घरच्यांना घेऊन घाट, एवढ्यासाठी ६७ बीएचपीची (म्हणजे तेवढ्या हॉर्सपॉवर ताकदीच्या इंजिनाची) छोटी पेट्रोल गाडी पुरेल की १०० बीएचपीची मोठी घ्यावी. शेवटी असंही लिहिलंय, ‘सगळे म्हणतात छोट्या गाडीत दम नसतो.’ हे ‘सगळे’ माझ्याही घरात आहेत, म्हणून लिहायला बसलो.

माझी गाडी ६७ बीएचपीचीच आहे. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नाही, साधं इंजिन. नऊ वर्षं चालवतोय आणि नऊ वर्षं माझा मोठा भाऊ तिला ‘डबडं’ म्हणतोय. एकदा आम्ही पाच जण घाट चढत होतो. डिकी भरलेली, एसी चालू, पुढे लोड भरलेला ट्रक. मी सेकंडला तीस-पस्तीसने चाललो होतो. शेजारी बसलेला दादा म्हणाला, “अरे, किती रेझ करतोयस? इंजिन फुटेल. थर्ड टाक.” मी टाकला. पुढचा रस्ता मोकळा दिसला म्हणून बाहेर काढली आणि पाय पूर्ण दाबला. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा १,८०० वर बसून राहिला. ट्रकच्या मागच्या चाकांपर्यंत पोचलो आणि तिथेच अडकलो. तेवढ्यात वरच्या वळणावर बस दिसली. ब्रेक दाबून पुन्हा ट्रकच्या मागे आलो. आईने माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, ती घाट संपेपर्यंत सोडली नाही. दादा एवढंच म्हणाला, “बघितलंस? ताकदच नाही गाडीत.”

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं.

ब्रोशरवरचे ६७ बीएचपी हे ५,५०० आरपीएमचे आहेत. खाली ते मिळत नाहीत. टॉर्कला, म्हणजे न्यूटन मीटरमध्ये मोजलेल्या इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला, आरपीएमने गुणून साधारण ७,००० ने भागलं की त्या क्षणी हातात किती हॉर्सपॉवर आहे ते निघतं. माझ्या गाडीचा टॉर्क १,८०० ला ८५ न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम २२ हॉर्सपॉवर. आता खर्च बघा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर वर उचलणं. माणसं आणि सामान धरून गाडी १,३०० किलोची झाली होती. शंभर मीटरला आठ मीटर असा चढ धरला तर ३४ च्या स्पीडला ती सेकंदाला पाऊण मीटर वर चढते. नुसत्या उचलण्यातच तेरा गेले. टायर आणि हवेला दोन-अडीच, एसीला तीनेक, गिअरबॉक्समध्ये दोन. ओव्हरटेकसाठी उरलं काय? तीच गाडी, तोच स्पीड, पण सेकंडला असतो तर काटा २,७०० वर असता आणि हातात ३४ असते. वेग वाढून काटा ४,००० वर गेला की ५०. ताकद गाडीत होती, मी गिअर बदलून ती सोडून दिली होती.

दादा खोटं बोलत नव्हता, हेही सांगतो. त्याची गाडी टर्बोची आहे, २,००० आरपीएमला २०० न्यूटन मीटर देते. म्हणजे तिथेच ५७ हॉर्सपॉवर. त्याला थर्डमध्ये चढायची सवय आहे आणि त्याच्या गाडीला ते जमतं. त्याच्या गाडीचा गिअर तो माझ्या गाडीत सांगत होता, आणि माझ्या गाडीचा आवाज मी रोज ऐकत असूनही मी त्याचं ऐकलं. ही चूक माझी.

तुमच्या रोजच्या पंचवीस किलोमीटरसाठी ६७ पुरतात. सपाट रस्त्यावर ८० च्या स्पीडला छोट्या गाडीला दहा-बारा हॉर्सपॉवर लागतात, शहरात तर त्याहून कमी. १०० बीएचपीचा आकडा बघण्याआधी त्या गाडीचं वजन बघा. ८५० किलोला ६७ आणि १,३०० किलोला १००, यात टनामागे जवळपास काहीच फरक नाही. मोठी गाडी जागेसाठी घ्या, सस्पेन्शनसाठी घ्या. दमासाठी घेत असाल तर बीएचपीपेक्षा टॉर्क किती आणि कितव्या आरपीएमला, ते आधी वाचा.

आता थोडं उलट बाजूचं. दर वेळी पाच माणसं आणि सामान असेल, किंवा दोन पदरी रस्त्यावर सारखं ओव्हरटेक करावं लागत असेल, तर टर्बो घ्या, त्यात कमीपणा नाही. खूप उंचावर जात असाल तरीही. दर १,००० मीटरला साधं इंजिन दहाएक टक्के ताकद घालवतं, टर्बोला तेवढं जाणवत नाही. मात्र टर्बोसुद्धा दीड हजारच्या खाली झोपलेलाच असतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरचं बरंचसं ती स्वतः बघते.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा, एखादा चढ शोधा आणि सेकंडला काटा ४,००० च्या वर जाऊ द्या. आवाज येईल. तो सगळ्यांना चालत असेल तर छोटी गाडी घ्या.

पुढच्या वर्षी आम्ही तोच घाट तेवढ्याच माणसांनी चढलो. ट्रक आला, मी सेकंडलाच राहिलो, रस्ता दिसल्यावर पाय दाबला आणि काटा ४,५०० ला असताना ट्रक मागे पडला. आई मागे खिडकीतून बाहेर बघत होती. दादा म्हणाला, “आवाज केवढा करतेय!” त्याला वरचं गणित मी दोनदा कागदावर मांडून दाखवलंय. त्याच्या मते आवाज आला की इंजिनाला त्रास होतो. पण ५,५०० साठी बनवलेल्या इंजिनाला ४,५०० चा त्रास होत नाही. १,८०० ला पूर्ण पाय दाबल्यावर स्टिअरिंगमध्ये जी धडधड येते, ती त्रासाची असते, आणि त्या दिवशी ती माझ्या हातांना कळत होती.