व्हाइस नसेल तर आधी बेंच हुक करा

प्लायचे आणि पट्ट्यांचे तुकडे साठलेत, कामाच्या टेबलाला व्हाइस (लाकूड घट्ट पकडणारा शिकंजा) नाही, यातून काय काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. करता येण्यासारखं पुष्कळ आहे, पण सुरुवात बेंच हुकपासून, म्हणजे कापताना लाकूड अडवून धरणाऱ्या फळीपासून करा.

१८ मिमी प्लायचा साधारण २५ बाय २० सेंमीचा तुकडा घ्या. एका कडेला खालून पट्टी, समोरच्या कडेला वरून पट्टी. खालची टेबलाच्या कडेला अडते, वरचीला लाकूड टेकतं. करवतीचा जोरच लाकूड पट्टीवर दाबून धरतो, क्लॅम्प लागत नाही. (ओढून कापणाऱ्या जपानी करवतीला हे चालत नाही, तिचा जोर उलटा येतो.) करवतीच्या बाजूला वरची पट्टी दोन-तीन सेंमी आखूड ठेवा, म्हणजे दाते टेबलावर न उतरता प्लायवर उतरतील. काटकोन किंचित चुकला तरी बिघडत नाही, कारण कापायचं आखलेल्या रेघेवर असतं.

शूटिंग बोर्डला, म्हणजे लाकडाची टोकं रंध्याने काटकोनात तासायच्या फळीला, मात्र ही सूट नाही. प्लायचे दोन थर, वरचा अरुंद. खालच्यावर रंधा आडवा पाडून सरकवायचा, वरच्यावर आडवी पट्टी. या पट्टीला खालून आधी एकच स्क्रू मारा, रंध्याच्या वाटेशी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पट्टी जुळवा, मग दुसरा स्क्रू. आता सारख्या रुंदीच्या दोन सरळ तुकड्यांची टोकं रंधून घ्या, एक तुकडा उलटा करा आणि सरळ पट्टीला टेकवून टोकाला टोक भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. गुण्यावर न दिसणारा फरक इथे लगेच पकडला जातो. तो सुधारायला पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची घडी घातली तरी काम भागतं.

पहिल्या काही हातांत वरच्या प्लायची कड सोलली जाईल, जाऊ द्या. पातं रंध्याच्या तळाएवढं रुंद नसतं, त्यामुळे कडेचा काही भाग शाबूत राहतो आणि रंधा त्याच्यापुढे आत येत नाही. रंधा सरकतो त्या जागेवर मेणबत्ती घासा.

टेबल सॉ वापरत असाल तर पुश स्टिकही (लाकूड गोल पात्याकडे ढकलायची, खाच असलेली काठी) हवी, आणि तीही प्लायचीच. फळीची केली तर खाचेपाशी तंतूंच्या दिशेने चिरू शकते.

एकाच मापाचे बरेच तुकडे कापायचे असतील तर मागे अडवायला ठोकळा लावतातच. त्याची लाकडाला भिडणारी खालची कड थोडी तासून टाका. नाहीतर तिथे भुसा साचतो आणि प्रत्येक तुकडा केसभर आखूड निघतो.