आई आणि बाळ एकाच ओळीत लिही

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा मी दोनदा वाचला. गडचिरोलीतल्या गरोदर स्त्रियांमधला हिवताप, पोटातले जंत आणि हेपटायटिस बी या तिन्हींचा माग गरोदरपणापासून बाळ दीड वर्षाचे होईपर्यंत घ्यायचा, ही कल्पना मला पटली. पटली नाही ती नोंदींची मांडणी. तू मातांचा एक तक्ता केला आहेस आणि बाळांचा दुसरा, आणि ते दोन्ही जोडण्याचे काम शेवटी विश्लेषणाला बसणाऱ्या माणसावर सोपवले आहेस. कागदावर ही मांडणी नीटनेटकी दिसते, पण या विषयात मी ज्या ज्या चुका केल्या त्यांतल्या बहुतेकींचे मूळ अशाच दोन तक्त्यांत होते, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

बाळाच्या रक्तात पहिले काही महिने जी प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडतात, त्यांतली बरीचशी त्याची नसतातच. आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वार (प्लासेंटा) ओलांडून आईकडून बाळाकडे जातात आणि हळूहळू विरतात. एचआयव्हीच्या बाबतीत ती 18 महिन्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणून तोवर प्रतिपिंडांच्या चाचणीवर बाळाचे निदान पक्के करता येत नाही आणि सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या ठिपक्यात विषाणूचा जनुकीय अंशच शोधावा लागतो. तू हेपटायटिस बीसाठी दीड वर्षाच्या बाळात अँटी-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी, ही एकच चाचणी धरली आहेस. आईकडून आलेली ही प्रतिपिंडे दोन वर्षांपर्यंतही आढळू शकतात, त्यामुळे तुझ्या तक्त्यात लागण न झालेली कित्येक बाळे लागण झालेली म्हणून चढतील. तिथे एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, शोधायला हवे, आणि लसीचा परिणाम पाहायचा असेल तर सोबत अँटी-एचबीएस, म्हणजे त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही, पाहायला हवीत.

नाळेतल्या रक्ताबद्दलही याच ओघात सांगतो. माझ्या पहिल्या अभ्यासात आम्ही प्रसूतीगृहातल्या घाईत नाळ कापून, ती पिळून थेट नळीत रक्त धरत होतो. पुढे त्या नमुन्यांत आयजीए हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार पाहिला, तेव्हा तो अनेक ठिकाणी जास्त निघाला. आयजीए वार ओलांडत नाही. म्हणजे आम्ही बाळाचे समजून साठवलेल्या रक्तात आईचे रक्त मिसळले होते. ते सारे नमुने बाजूला काढावे लागले. तेव्हा नाळ आधी स्वच्छ पुसायची आणि सुईने नाळेच्या शिरेतूनच रक्त ओढायचे, हे परिचारिकांना स्वतः उभे राहून दाखव. नुसते परिपत्रक काढून ते होत नाही.

हिवतापाच्या भागात तू वारेचा उल्लेखच केलेला नाहीस, याचे मला नवल वाटले. फाल्सिपेरम हिवतापाचे परजीवी ज्या तांबड्या पेशींत वाढतात, त्या पेशी वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटून राहतात. मिकाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या किसुमूजवळ केलेल्या कामातून 1996 मध्ये हे दाखवले. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की बोटातून घेतलेल्या रक्ताची काचपट्टी स्वच्छ दिसत असतानाही वार परजीवींनी भरलेली असू शकते, आणि बाळाचे वजन घटते ते बहुधा त्या वारेमुळे. पहिलटकरणीजवळ वारेत चिकटणाऱ्या या परजीवींविरुद्धची प्रतिपिंडे नसतात, पुढच्या गरोदरपणांत ती तयार होत जातात, हे आफ्रिकेतल्या दाट प्रसाराच्या भागातले चित्र आहे. ते जसेच्या तसे गडचिरोलीवर लादू नकोस. जिथे प्रसार कमी किंवा हंगामी असतो तिथे मोठ्या माणसांनाही पुरेशी प्रतिकारशक्ती आलेली नसते, आणि तिसऱ्या खेपेची बाईसुद्धा तितकीच गंभीर आजारी पडू शकते. म्हणून किती खेपांची बाई आहे हे लिहून ठेव, पण पहिलटकरणींनाच वेगळे काढून अभ्यास करू नकोस.

वारेचा तुकडा आईकडच्या बाजूने, कडेपासून आत घे आणि लगेच फॉर्मलिनमध्ये टाक. उरलेली वार घरच्यांना हवी आहे का, हे आधी विचार. पुष्कळ घरांत ती पुरतात, आणि न विचारता ती नेली तर त्या गावात तुला दुसरी वार मिळणार नाही, मिळू नयेही.

जंतांच्या औषधाविषयी तू फार आत्मविश्वासाने लिहिले आहेस. आईच्या पोटातले जंत काढले की बाळाला लसी अधिक लागू पडतील, असे तुझे गृहीतक दिसते. युगांडातल्या एंटेबे येथे 2003 ते 2005 या काळात 2,507 गरोदर स्त्रियांना नोंदवून हाच प्रश्न नीट विचारला गेला. अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वान्टेल ही जंतांची औषधे किंवा त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या अशी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, वाटणी केली होती आणि बाळांचा पुढे दीर्घकाळ पाठपुरावा झाला. लसींच्या प्रतिसादात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. उलट ज्या मातांना अल्बेंडाझोल मिळाले होते, त्यांच्या बाळांत खरजेसारखा त्वचेचा एक्झिमा अधिक आढळला. याचा अर्थ गरोदर बाईला जंतांचे औषध देऊच नये असा नाही. आपल्याकडे रक्तक्षयाच्या कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते आणि आकडेकृमीमुळे रक्त गमावणाऱ्या बाईला ती हवीच. पण आईवर केलेल्या उपचाराचा बाळावर काय परिणाम होतो, हे आईच्या शौचाच्या तपासणीतून कळत नाही. ते बाळाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. तुझ्या आराखड्यात बाळाच्या त्वचेसाठी एकही रकाना नाही.

दुधाचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्यासाठी पुन्हा एचआयव्हीचेच उदाहरण घेतो. युगांडातल्या कंपाला येथील 1999 च्या प्रसिद्ध चाचणीत प्रसूतिवेदना सुरू होताना आईला नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा दिली, तर एचआयव्हीची लागण जवळजवळ निम्म्याने घटते असे दिसले. पण बाळ पुढे अंगावर पीत राहते, आणि जन्माच्या वेळी मिळालेला लाभ दुधातून थोडा थोडा ओसरत जातो. म्हणूनच नंतर इथिओपिया, भारत आणि युगांडात बाळाला सहा आठवडे औषध देऊन पाहण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांतली भारतातली चाचणी पुण्यात झाली आणि एकत्रित निष्कर्ष 2008 मध्ये आले. आज मातांना आजीवन तिहेरी औषधे मिळतात, त्यामुळे प्रश्नाचे रूप बदलले आहे. पाहण्याची पद्धत मात्र बदललेली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अभ्यासातून 1999 मध्ये असे दिसले होते, की पहिल्या महिन्यांत केवळ आईचे दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा दुधासोबत वरचे काही मिळणाऱ्या बाळांना लागण अधिक होते. आता तुझ्या प्रश्नावलीतला प्रश्न बघ : बाळाला फक्त अंगावरचे दूध देता का? बाई हो म्हणेल, आणि खोटे बोलणार नाही, कारण आजी सकाळी सहाणेवर उगाळून चाटवते ती बाळगुटी, बोटावरचा मध किंवा उन्हाळ्यातले चमचाभर पाणी यांना ती खाणेपिणे समजतच नाही. तेव्हा दुधाचे विचारू नकोस. कालपासून बाळाच्या तोंडात काय काय गेले, ते एकेक नाव घेऊन विचार, आणि जमल्यास आजीला विचार.

पाठपुराव्याचे गणित आपल्या प्रथेनेच बिघडते, हेही लक्षात घे. पहिली खेप बहुधा माहेरी होते. नोंदणी सासरच्या गावात, प्रसूती शंभर किलोमीटरवरच्या माहेरच्या तालुक्यात आणि बाळंतीण सव्वा महिना किंवा त्याहून अधिक तिथेच. तुझ्या अभ्यासातून जी नावे गळतील ती वाटेल तशी गळणार नाहीत. ती मुख्यतः पहिलटकरणींची असतील, आणि हिवतापात खेपांची तुलना करायची तर त्यांची नोंद तुला हवीच आहे. नोंदणीच्या दिवशी माहेरचा पत्ता, तिथल्या आशाताईंचे गाव आणि कधी जाणार तो महिना लिहून घे. पण घरी जाताना प्रकल्पाचे नाव रंगवलेली गाडी नेऊ नकोस. एकदा आमची गाडी एका वाडीत शिरली आणि त्या संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या सुनेला कोणता आजार आहे, याची चर्चा सगळीकडे झाली होती. आम्ही कोणालाही काही सांगितले नव्हते. ती बाई पुन्हा आमच्याकडे आली नाही.

आणखी एक गोष्ट. आई एचबीएसएजी बाधित आढळली, तर तू केवळ निरीक्षक राहू शकत नाहीस. जन्माच्या सुमारास लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्के बाळांत ती कायमची ठाण मांडते, आणि जन्मानंतर 24 तासांच्या आत दिलेल्या लसीने व सोबतच्या इम्युनोग्लोब्युलिनने, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनने, ती बहुतांशी टाळता येते. ही तजवीज प्रसूतीच्या आधी करून ठेव, माहेरच्या दवाखान्यातसुद्धा. त्यामुळे तुझे आकडे कमी झाले तर होऊ देत.

आता पुन्हा त्या दोन तक्त्यांकडे येतो. हेपटायटिस ई आपल्याकडे दूषित पाण्यातून पसरतो आणि बहुतेकांना तो काही आठवड्यांत सोडून जातो, परंतु तिसऱ्या तिमाहीत तो झाला तर उत्तर भारतातल्या साथींत पाचातली एक बाई दगावल्याचे आढळले आहे. त्या बाईचे बाळ तुझ्या बाळांच्या तक्त्यात कधी येणारच नाही. जे पोटातच गेले, जे सातव्या महिन्यात मृत जन्मले, त्यांनाही तिथे ओळ नाही. मग उरलेल्या बाळांची सरासरी काढून तू लिहिशील की बाळांवर फारसा परिणाम दिसला नाही, आणि ते वाक्य तुझ्या तक्त्यापुरते खरेही असेल. नोंदवहीत प्रत्येक गरोदरपणाला एकच ओळ दे : डावीकडे आई, उजवीकडे बाळ, आणि उजवी बाजू रिकामी राहिली तर ती का राहिली ते तिथेच लिही.

सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाचा, एक नमुना प्रत्येकीचा जास्तीचा ठेव, संमतीपत्रात तसे स्पष्ट लिहून. दिल्लीत 1955-56 मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. तेव्हा जपून ठेवलेले सीरम 1980 मध्ये तपासले गेले, म्हणून ती साथ हेपटायटिस एची नव्हती हे कळले. नमुने ठेवणाऱ्यांना त्या वेळी कोणता प्रश्न विचारायचा हेही ठाऊक नव्हते.

पान नव्याने आखलेस की मला पाठव. मृतजन्माचा रकाना कुठे ठेवला आहेस, ते मी आधी पाहीन.

तुझा,
जुना मार्गदर्शक