जुन्या पेट्रोल टाक्यांच्या जागेत आहे त्याच बोअरवेलचं पाणी तपासून चालेल का?

तुमच्या जागेत पूर्वी जमिनीखाली पेट्रोलच्या टाक्या होत्या आणि आवारात एक जुनी बोअरवेल आहे, तिचंच पाणी लॅबला दिलं तर भागेल का असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. मी मॉनिटरिंग वेलचंच, म्हणजे भूजल तपासण्यासाठी खास खोदलेल्या अरुंद बोअरचंच, काम करतो म्हणून ठामपणे सांगतो, अशा बोअरचा स्वच्छ रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा वाईट, कारण तो बघून माणूस निर्धास्त होतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं, आणि तुमचा पंप असतो खूप खाली, शिवाय बोअरमध्ये सगळ्या थरांचं पाणी एकत्र येतं, मग सापडणार काय?

कमीत कमी तीन वेल घ्या आणि त्या एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात, तरच पाणी कुठून कुठे वाहतंय ते काढता येतं. एक तरी टाक्यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडे हवी, नाहीतर घाण तुमची का शेजारच्याची हे कळणारच नाही. साधारण 50 मिमीचा पीव्हीसी पाइप, आटे असलेला. सोल्युशन लावून जोडू देऊ नका, त्यातली सॉल्व्हंट्स पाण्यात उतरतात आणि लॅबला तीच दिसतात. स्लॉटवाला भाग, म्हणजे पाणी आत यायला बारीक फटी असलेला, 3 मीटरच्या आसपास, आणि पाण्याची पातळी त्या स्लॉटच्या मधोमध कुठेतरी यायला हवी, पावसाळ्यात चढली आणि उन्हाळ्यात उतरली तरी. (ट्रायक्लोरोइथिलीनसारखं जड सॉल्व्हंट असतं तर उलट, ते खाली बुडतं, मग चिकणमातीच्या थराच्या डोक्यावर शोधावं लागतं.)

सगळ्यात जास्त चालढकल होते ती सीलमध्ये. पाइप आणि बोअरच्या भिंतीमधल्या पोकळीत स्लॉटच्या साधारण 60 सेमी वरपर्यंत धुतलेली वाळू, त्यावर निदान 60 सेमी बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती), मग जमिनीपर्यंत ग्राउट (पोकळी भरायचं सिमेंट किंवा बेंटोनाइटचं पातळ मिश्रण). बेंटोनाइटच्या गोळ्या घाईत ओतल्या की मध्येच अडकतात आणि खाली पोकळी राहते, म्हणून थोडं ओतायचं, वजन बांधलेला टेप सोडून मापायचं, परत ओतायचं. ड्रिलर कंटाळतो, कंटाळू दे, तुम्ही तिथे उभे राहा! हे सील नीट बसलं नाही तर वरची घाण पाइपच्या कडेने खाली उतरते, म्हणजे प्रदूषण तपासायला केलेलं भोकच प्रदूषणाला वाट करून देतं.

मग वेल डेव्हलप करायची, पाणी खालीवर ढवळून उपसायचं, गढूळपणा जाईपर्यंत, आणि काही दिवस तशीच ठेवायची.

सॅम्पलच्या दिवशी आधी सगळ्या वेलची पातळी मोजून घ्या, तरंगता थर आहे का तेही बघा, मगच पंप. वेग मिनिटाला 100 ते 500 मिली, पातळी 10 सेमीपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही. दर 3 ते 5 मिनिटांनी पीएच, कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता), ऑक्सिजन बघत राहायचं, लागोपाठ तीन रीडिंग जुळली (पीएच 0.1 च्या आत, कंडक्टिव्हिटी 3 टक्क्यांच्या आत) की सॅम्पल. बेलर (दोरीने सोडून पाणी काढायची नळी) दणकन सोडला तर गाळ उठतो आणि पेट्रोलमधले बेंझिनसारखे पदार्थ हवेत उडून जातात. स्वच्छ वाटणाऱ्या वेलपासून सुरुवात करून घाणेरडीकडे जायचं आणि प्रत्येक वेलला नवे ग्लोव्ह्ज.

बेंझिनसाठी 40 मिलीची काचेची व्हायल असते, आत थोडं ॲसिड असतं म्हणून ती उतू जाऊ द्यायची नाही, पाणी काठावर फुगून आलं की झाकण लावायचं, उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ती बाद, दुसरी व्हायल घ्या. लगेच बर्फात, आणि 14 दिवसांच्या आत तपासणी. सोबत एक ट्रिप ब्लँक (लॅबमधूनच भरून आलेली, न उघडता परत जाणारी शुद्ध पाण्याची व्हायल) आणि एक डुप्लिकेट (त्याच वेलचं दुसरं सॅम्पल) पाठवा.

आणि पैसे देण्याआधी लॅब रिपोर्टबरोबर प्रत्येक वेलचा ड्रिलिंग लॉग (खोदताना कोणते थर लागले याची नोंद) आणि पंपिंगच्या रीडिंगचा कागद मागून घ्या, तो कोणी देत नसेल तर ते आकडे धरू नका.