कार्ड बसेल, पण वीज पुरेल का?

प्रश्न (ऐरोली): कॅबिनेटसोबत आलेला ‘450 वॅट’चा पॉवर सप्लाय आहे. त्यावर आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड चालेल का? दुकानदार म्हणतो, बिनधास्त लावा.

उत्तर: लावू नका. आधी पॉवर सप्लायच्या अंगावरचा तक्ता वाचा. त्यात +12 व्होल्टच्या रकान्यात जेवढे अँपिअर लिहिलेत, त्यांना 12ने गुणा. 18 अँपिअर असतील तर हाती 216 वॅटच येतात, वर ठळक अक्षरांत 450 का लिहिलेलं असेना. 3060 एकटंच 170 वॅट घेतं, त्यात कामाला लागलेल्या प्रोसेसरचे साधारण शंभर धरा. म्हणजे गेम सुरू झाला की मशीन बंद पडणार. न पडलं तर जास्त वाईट, कारण स्वस्त सप्लायमध्ये जादा भार आल्यावर स्वतःहून बंद होण्याची सोय धड नसते आणि जाताना तो मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने या कार्डासाठी 550 वॅटचा सप्लाय सुचवलाय. नावाजलेल्या कंपनीचाच घ्या.

मदरबोर्डवर कार्ड ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. बाकीची वीज वरच्या 8 पिनच्या केबलमधून येते, ती 150 वॅटपर्यंत. सप्लायला ही केबल नसेल तर साटा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरला जोडायचा अडॅप्टर बाजारात मिळतो, त्याच्या नादी लागू नका. साटाच्या 12 व्होल्टच्या पिना साडेचार अँपिअरच्या, म्हणजे 54 वॅटच्या. त्यातून 150 ओढले की प्लास्टिक वितळतं.

प्रोसेसरची 8 पिनची केबलही दिसायला तशीच असते. ती 4+4 अशी सुटते, कार्डाची 6+2. दोन्हींत 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. खाचा जुळत नसतील तर जोर लावायचा नाही. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) सप्लाय असेल तर केबल त्याच्याच डब्यातल्या वापरा, दुसऱ्या मॉडेलच्या नकोत.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): जुनं कार्ड काढून नवं बसवलं. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. कार्ड खराब आलं का?

उत्तर: बहुधा नाही. एचडीएमआय केबल कुठे लावलीय ते आधी बघा. मदरबोर्डच्या उभ्या पोर्टांत असेल तर काढून खाली कार्डाच्या आडव्या पोर्टांत लावा. अशा तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

नाही मिटली, तर मशीन बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच आत हात घाला. कार्डाची केबल पूर्ण आत गेलीय ना? 6+2 मधला दोन पिनांचा तुकडा हमखास अर्धवट राहतो. मग कार्ड काढायचं: आधी मागचे स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची पट्टी दाबायची आणि कार्ड सरळ वर. ही पट्टी न दाबता ओढाओढ केली तर स्लॉट तुटतो. प्रोसेसरला सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन परत बसवा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मागची पत्र्याची पट्टी कॅबिनेटच्या कडेला अडली तर कार्ड एका बाजूला मिलिमीटरभर उचललेलं राहतं. कार्डाच्या खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या तिरक्या दिसल्या की समजायचं. या झटापटीत रॅमही सैल होते, तीही दाबून घ्या.

एवढं करूनही काळा पडदा, आणि बोर्ड दहाएक वर्षांचा असेल, तर जुनं कार्ड लावून बायॉस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. चित्र आल्यावर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या प्रोग्रॅमने) काढून टाका. एएमडीच्या कार्डावरून एनव्हिडियाच्या कार्डावर गेला असाल तर हे टाळू नका.

प्रश्न (खारघर): ऑफिसातून विकत मिळालेला पातळ डेस्कटॉप आहे. त्यात कुठलं कार्ड मावेल?

उत्तर: लो-प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचं, आणि वरून केबल न लागणारं. आरटीएक्स 3050चं 6 जीबीचं रूप 70 वॅटचं आहे, त्यात लो-प्रोफाइल मॉडेल मिळतात. त्याच नावाचं 8 जीबीचं कार्ड 130 वॅटचं, ते चुकून घेऊ नका. डब्यात अर्ध्या उंचीची मागची पत्र्याची पट्टी आहे ना, हे दुकानातच उघडून बघा. अशा मशीनचे सप्लाय बहुधा वेगळ्याच मापाचे असतात, त्यामुळे ‘पुढे सप्लाय बदलू’ हा बेत धरू नका.

प्रश्न (नेरूळ): पावसाळ्यात कार्ड मधूनच दिसेनासं होतं. खोडरबरने घासू का?

उत्तर: रबराने कार्डाच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा झिजतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घ्या, पट्ट्या एकाच दिशेने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. स्लॉट मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

प्रश्न (कळवा): नवं कार्ड लावल्यापासून गेममध्ये यूपीएस ओरडतो आणि सगळंच बंद होतं.

उत्तर: घरगुती 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटचा असतो. कार्डाचा भार क्षणभर छापील आकड्याच्या बराच वर उडी मारतो, त्यात मॉनिटर आणि स्पीकर आले की तो हात टेकतो. स्पीकर यूपीएसवरून काढा. तरीही ओरडला तर 600 वॅटचा घ्या. खरेदी करताना व्हीएचा नाही, वॅटचा आकडा विचारा.